महागड्या हेडफोनला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर लागतो का? सांगली-मिरजेच्या श्रोत्यांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज आणि आसपासच्या गावांत मन लावून गाणे ऐकणारी माणसे पुष्कळ आहेत. परंतु चाळीस-पन्नास हजारांचा हेडफोन विकत घेण्याआधी तो दोन-तीन अ‍ॅम्प्लिफायरवर लावून ऐकण्याची सोय इथे सहसा मिळत नाही. खरेदी बहुतेक वेळा वाचलेल्या माहितीवर होते, आणि त्या माहितीत ‘चांगल्या हेडफोनला चांगला अ‍ॅम्प हवाच’ हे वाक्य इतक्या वेळा येते की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटत नाही. पुढील उत्तरे ते वाक्य तपासण्यासाठी लिहिली आहेत.

हेडफोन महाग असला की त्याला स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायर लागतोच का?

नाही. काही हेडफोनना तो खरोखर लागतो, बऱ्याच हेडफोनना लागत नाही, आणि किमतीवरून यातले काहीच कळत नाही. हेडफोनची संवेदनशीलता (ठरावीक विजेवर तो किती मोठा वाजतो), त्याचा इम्पिडन्स (विजेला होणारा रोध, ओहममध्ये मोजलेला) आणि आपण ज्यावर तो लावणार आहोत त्या उपकरणाचा आउटपुट इम्पिडन्स, या तीन आकड्यांवर बहुतेक सारे ठरते. फोकाल कंपनीचा युटोपिया हा अतिशय महागडा हेडफोन आहे. त्याचा इम्पिडन्स ८० ओहम आणि संवेदनशीलता एका मिलिवॅटला १०४ डेसिबल आहे, त्यामुळे साध्या डोंगलवरही (फोनला हेडफोन जोडायच्या छोट्या जोडावरही) तो कान दुखतील इतका मोठा वाजू शकतो. ऑडीझचा एलसीडी-एक्स २० ओहमचा आहे आणि एका मिलिवॅटला १०३ डेसिबल देतो. तोही सहज चालतो. उलट बायरडायनामिकचा डीटी ८८० त्या दोघांच्या तुलनेत कितीतरी स्वस्त आहे, तरीही त्याच्या २५० आणि ६०० ओहमच्या आवृत्त्यांना फोन अपुरा पडू शकतो.

आपल्या हेडफोनला किती व्होल्ट लागतील, हे घरच्या घरी कसे काढावे?

आधी किती मोठ्याने ऐकायचे आहे ते ठरवावे. निवांत ऐकताना आवाजाची सरासरी पातळी साधारण ७५ डेसिबलच्या आसपास असते. मात्र गाण्यातले क्षणिक उंचवटे, म्हणजे तबल्याची थाप किंवा तारसप्तकातला खडा स्वर, त्या सरासरीपेक्षा १५ ते २० डेसिबलनी वर जातात. शिवाय काही ध्वनिमुद्रणांची पातळीच खालची असते आणि त्यांच्यासाठी आणखी दहा-पंधरा डेसिबल हाताशी असावे लागतात. म्हणून उपकरणाने विनाविकृती ११० डेसिबलपर्यंत पोहोचावे, असे धरून हिशेब करणे सोयीचे असते. ही पातळी सतत ऐकण्यासाठी नाही, ती केवळ क्षणिक उंचवट्यांसाठी राखून ठेवायची आहे.

आता हिशेब पाहू. दर दहा डेसिबल वाढीसाठी शक्ती दहापट लागते आणि दर तीन डेसिबलला ती जवळपास दुप्पट होते. डीटी ८८० ची २५० ओहमची आवृत्ती एका मिलिवॅटला ९६ डेसिबल देते. ११० डेसिबलसाठी १४ डेसिबल अधिक हवे, म्हणजे सुमारे २५ मिलिवॅट. शक्तीचा वॅटमधला आकडा इम्पिडन्सने गुणून वर्गमूळ काढले की व्होल्ट मिळतात: ०.०२५ गुणिले २५० याचे वर्गमूळ २.५. साध्या डोंगलचे कमाल आउटपुट साधारण १ व्होल्ट असते. त्यावर हा हेडफोन १०२ डेसिबलवर थांबेल. हळू ऐकणाऱ्याला ते पुरेल. खालच्या पातळीचे जुने मुद्रण ऐकणाऱ्याचा व्हॉल्यूम मात्र शेवटच्या टोकाला जाऊन अडेल.

हाच हिशेब एलसीडी-एक्ससाठी केला तर ५ मिलिवॅट आणि जेमतेम ०.३२ व्होल्ट असे उत्तर येते, आणि युटोपियासाठी सुमारे ०.५७ व्होल्ट. या दोन्ही हेडफोनच्या बाबतीत एक व्होल्टच्या डोंगलवरही भरपूर वाव शिल्लक राहतो.

एक सूचना महत्त्वाची आहे. काही कंपन्या संवेदनशीलता एका मिलिवॅटला सांगतात, तर काही एका व्होल्टला. सेनहायझरने एचडी ८०० एस साठी दिलेला १०२ डेसिबल हा आकडा एका व्होल्टचा आहे. दोन प्रकारचे आकडे शेजारी ठेवून तुलना केली तर निष्कर्ष पूर्ण चुकतो. म्हणून आकड्यापुढचे एकक वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये.

इम्पिडन्स जास्त म्हणजे हेडफोन चालवायला अवघड, हे तर सगळेच सांगतात. ते खरे नाही का?

अर्धेच खरे आहे. हायफायमॅनच्या सुस्वरा या हेडफोनचा इम्पिडन्स अवघा ६० ओहम आहे, पण त्याची संवेदनशीलता एका मिलिवॅटला ८३ डेसिबल इतकी कमी आहे. एक व्होल्ट दिला तर तो सुमारे ९५ डेसिबलपर्यंत पोहोचतो, म्हणजे वरच्या २५० ओहमच्या डीटी ८८० पेक्षाही सात डेसिबल खाली. ११० डेसिबलसाठी त्याला अर्धा वॅट, जवळजवळ साडेपाच व्होल्ट आणि ९० मिलिअँपिअरच्या वर प्रवाह लागतो.

आपल्याकडे कृष्णेकाठच्या शेतकऱ्याला हे लगेच समजेल, कारण पंप निवडताना तो पाणी किती उंच चढवायचे आणि किती सोडायचे हे दोन्ही विचारतो. अ‍ॅम्प्लिफायरचा व्होल्टेज म्हणजे ती उंची आणि प्रवाह म्हणजे ते पाणी. जास्त ओहमच्या हेडफोनला उंची हवी असते, पाणी थोडे चालते. कमी ओहमच्या आणि कमी संवेदनशील प्लॅनर (सपाट, पातळ पडद्याच्या) हेडफोनला दोन्ही हवे असतात. ‘इतके मिलिवॅट’ असा एकच आकडा देणाऱ्या जाहिरातीवर म्हणूनच विसंबू नये. ती शक्ती किती ओहमला मोजली आहे, हे विचारावे. ३२ ओहमला एक वॅट देणारा अ‍ॅम्प ३०० ओहमला त्याच्या एक दशांशाएवढीच शक्ती देईल, कारण तिथे त्याची व्होल्टेजची मर्यादा आड येते.

फोनवर आवाज पुरेसा मोठा येतो. तरीही अ‍ॅम्प लावल्यावर गाणे ‘खुलते’ असे अनेक जण सांगतात. त्यात तथ्य किती?

या प्रश्नावर सर्वाधिक वाद होतो, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो. तथ्य असू शकते अशा तीन परिस्थिती आहेत. पहिली, व्हॉल्यूम शेवटच्या टोकाजवळ असताना उंचवटे कापले जात असतील, तर सरासरी आवाज पुरेसा वाटूनही तबल्याची थाप बोथट आणि तानेतला जोरकस स्वर चिरका ऐकू येतो. दुसरी, फोनचा किंवा लॅपटॉपचा आउटपुट इम्पिडन्स जास्त असेल, तर हेडफोनचा सूरतोलच, म्हणजे खालच्या-वरच्या स्वरांचे प्रमाण, बदलते. त्याविषयी पुढे स्वतंत्र उत्तर आहे. तिसरी, मूळ उपकरणातच खरखर किंवा गुणगुण असेल, तर चांगला अ‍ॅम्प आणि डॅक (डिजिटल गाण्यातून विद्युत्संकेत बनवणारा भाग) ती घालवतो. या तीनही गोष्टी मोजता येतात आणि ऐकूही येतात.

यांपैकी काहीच नसताना जो फरक जाणवतो, तो बहुतेक वेळा आवाजाच्या पातळीचा असतो. एकच गाणे एक डेसिबल मोठे वाजवले तर ते आपल्याला ‘मोठे’ वाटत नाही. ते अधिक भरीव, अधिक स्पष्ट, अधिक जवळचे वाटते. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की आवाज हळू असताना आपला कान खालच्या स्वरांना फारच कमी दाद देतो आणि पातळी वाढवली की ते खालचे स्वर प्रमाणाबाहेर वर येतात. नवा अ‍ॅम्प लावताना व्हॉल्यूमचे बटण नेमके आधीच्याच पातळीवर कोणी आणत नाही; बहुधा ते थोडे वरच राहते आणि ‘खर्ज आता कळला’ असा अनुभव येतो. अनुभव खोटा नसतो. त्याचे कारण मात्र अ‍ॅम्पमध्ये नसून व्हॉल्यूममध्ये असते.

आजचे नीट बनवलेले सॉलिड-स्टेट (ट्यूबऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारे) अ‍ॅम्प, अगदी आठ-दहा हजारांचेही, आपल्या क्षमतेच्या आत वापरले तर त्यांचे विरूपण, म्हणजे मूळ संकेतात होणारी विकृती, ऐकू येण्याच्या मर्यादेच्या पुष्कळ खाली असते. दोन असे अ‍ॅम्प समान पातळीवर, कोणता चालू आहे हे न पाहता ऐकले, तर ते वेगळे ओळखता येतील याची मला खात्री वाटत नाही, आणि त्यांच्या किमतीत दहापट फरक असला तरी माझे हे मत बदलत नाही.

आउटपुट इम्पिडन्स म्हणजे काय आणि त्याने आवाज कसा बदलतो?

प्रत्येक उपकरणाच्या आउटपुटला स्वतःचा थोडा रोध असतो. हेडफोनचा इम्पिडन्स सर्व स्वरांना सारखा असता तर या रोधामुळे आवाज फक्त थोडा कमी झाला असता. पण साध्या, म्हणजे डायनॅमिक हेडफोनचा इम्पिडन्स स्वराप्रमाणे बदलतो. सेनहायझर एचडी ६०० हा ३०० ओहमचा म्हणून विकला जातो, परंतु शंभर हर्ट्झच्या आसपास त्याचा इम्पिडन्स ५०० ओहमच्या घरात जातो. असा हेडफोन १२० ओहमच्या आउटपुटवर लावला, तर त्या भागातला आवाज इतर भागापेक्षा सुमारे एक डेसिबलने उचलला जातो. १० ओहमच्या आउटपुटवर हाच फरक ०.१ डेसिबल, म्हणजे नगण्य होतो. १२० ओहम हा आकडा मनाने घेतलेला नाही. एका आंतरराष्ट्रीय मानकाने हेडफोनच्या आउटपुटसाठी तोच सुचवला होता आणि अनेक जुन्या उपकरणांत त्याच्या जवळपासचा रोध आढळतो.

जुन्या स्टिरिओ रिसीव्हरमध्ये स्पीकरच्या आउटपुटलाच मोठा रोध जोडून हेडफोनचे भोक काढलेले असे. त्यावर ३२ ओहमचा हेडफोन लावला, तर खर्ज तीन-चार डेसिबलनी फुगू शकतो. डग्ग्याचा मूळ घुमारा शंभर हर्ट्झच्या आसपास आणि त्याखाली असतो, त्यामुळे आपल्याकडच्या संगीतात हा फुगवटा लगेच जाणवतो: डग्गा सैल, लांबलेला वाटू लागतो. आउटपुट इम्पिडन्स हेडफोनच्या इम्पिडन्सच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा, हा व्यवहारातला नियम त्यासाठीच आहे. ३२ ओहमसाठी तो ४ ओहमच्या आत हवा. प्लॅनर हेडफोनचा इम्पिडन्स जवळजवळ सपाट असतो, त्यामुळे त्यांचा सूरतोल यामुळे बिघडत नाही.

मग ट्यूबच्या अ‍ॅम्पची गोडी म्हणजे हाच फरक का?

पुष्कळ अंशी हाच. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या ट्यूब अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पिडन्स अनेकदा मोठा असतो, आणि ३०० ओहमच्या हेडफोनबरोबर तो खर्जाला थोडी ऊब देतो. ट्यूबचे स्वतःचे विरूपणही त्यात मिसळते. ज्याला ते आवडते त्याने ते आवडीने ऐकावे. पण त्याला मूळ मुद्रणाच्या अधिक जवळचा आवाज म्हणू नये.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला याचा काही वेगळा विचार करावा लागतो का?

हो, आणि मिरजेच्या श्रोत्याला तर तो सहज करता येतो. इथल्या सतार आणि तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले; पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या कानांना जवारी लागलेला तानपुरा कसा वाजतो हे ठाऊक आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झच्या आसपास. असे असले तरी तानपुऱ्याचे सारे वैभव त्या मूळ स्वरात नसते. जवारीमुळे मूळ स्वरासोबत आपोआप उमटणाऱ्या वरच्या, म्हणजे स्वयंभू, स्वरांत ते असते आणि ते स्वर कित्येक हजार हर्ट्झपर्यंत पसरलेले असतात.

आता असे पाहावे: दोन चांगल्या हेडफोनमध्ये पाच ते नऊ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात पाच डेसिबल किंवा त्याहून अधिक फरक सहज असतो. दोन चांगल्या अ‍ॅम्पमध्ये तो एका डेसिबलचा लहानसा अंशही नसतो. जवारी कोरडी वाटत असेल, झंकार काचेसारखा टोचत असेल किंवा उलट तानपुरा दबलेला वाटत असेल, तर दोष जवळजवळ नक्कीच हेडफोनच्या सूरतोलात, त्याच्या झिजलेल्या पॅडमध्ये किंवा मुद्रणात आहे. पॅड चपटे झाले, चष्म्याच्या काड्यांमुळे फट राहिली, तरी आवाज किती बदलतो हे पाहून आश्चर्य वाटते.

अब्दुल करीम खाँ किंवा बालगंधर्वांची जुनी मुद्रणे चांगल्या अ‍ॅम्पवर अधिक चांगली ऐकू येतील का?

ही मुद्रणे इथे जिव्हाळ्याने ऐकली जातात. खाँसाहेब मिरजेत राहिले आणि १९३७ साली निधन झाल्यावर इथल्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना दफन करण्यात आले. बालगंधर्वांचा जन्म १८८८ साली सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्यातला. त्या काळच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मावत, वरच्या स्वरांची नोंद तोकडी असे आणि तबकडीची खरखर कायमची असे. अ‍ॅम्प्लिफायर यातले काहीही बदलू शकत नाही.

दोन उपाय मात्र खरोखर उपयोगी पडतात आणि दोन्हींना पैसे लागत नाहीत. तबकडी स्टिरिओ पद्धतीने उतरवलेली असेल, तर वाजवताना डावी-उजवी बाजू एकत्र करून मोनो करावी. आवाज दोन्हीकडे सारखा असल्याने तो टिकतो आणि दोन्हीकडची वेगवेगळी खरखर काही प्रमाणात कमी होते. दुसरे म्हणजे इक्वलायझरने पाच-सहा हजार हर्ट्झच्या वरचा भाग हलकासा उतरवावा. या मुद्रणांची पातळी अनेकदा खालची असते, त्यामुळे कमी संवेदनशील हेडफोन वापरणाऱ्याला जास्त व्होल्टेज लागेल. अ‍ॅम्पची मदत होते ती एवढीच.

डॅक आणि अ‍ॅम्प एकच का?

नाही. डॅक आकड्यांतून विद्युत्संकेत तयार करतो आणि अ‍ॅम्प त्या संकेताला हेडफोन हलवण्याइतके बळ देतो. फोनच्या डोंगलमध्ये दोन्ही असतात. काही लॅपटॉपमध्येही ते चांगले असतात: २०२१ च्या १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रो पासून अ‍ॅपलने १५० ओहम आणि त्यावरील हेडफोनसाठी ३ व्होल्टपर्यंत आउटपुट दिले आहे. ज्याच्याकडे असा लॅपटॉप आहे, त्याला ३०० ओहमच्या सेनहायझरसाठी वेगळे काही घेण्याची गरज नाही.

डोंगलविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. युरोपातील बाजारासाठी आवाजावर कायदेशीर मर्यादा असल्याने तिकडच्या आवृत्तीचे आउटपुट कधीकधी निम्मेच असते, त्यामुळे नातेवाइकांनी तिकडून आणलेला डोंगल हळू वाजला तर नवल नाही. तसेच काही अँड्रॉइड फोन डोंगलचा अंतर्गत व्हॉल्यूम पूर्ण उघडत नाहीत. यूएसबीवर थेट ताबा घेणारे अ‍ॅप वापरले की तोच डोंगल पुरेसा ठरतो.

ब्लूटूथ हेडफोनला अ‍ॅम्प लावता येतो का?

बिनतारी वापरताना नाही. डॅक आणि अ‍ॅम्प त्याच्या आतच असतात.

बॅलन्स्ड जोडणी घेतल्याने आवाज सुधारतो का?

एकाच अ‍ॅम्पच्या बॅलन्स्ड आउटपुटवर (जिथे प्रत्येक कानाच्या दोन्ही तारांना उलट-सुलट संकेत मिळतो) बहुधा दुप्पट व्होल्टेज मिळतो, म्हणजे सहा डेसिबल अधिक. सुस्वरासारख्या हेडफोनला हे उपयोगी आहे. मात्र आउटपुट इम्पिडन्सही साधारण दुप्पट होतो. साधे आउटपुट पुरत असेल, तर केवळ ४.४ मिलिमीटरच्या पिनेसाठी नवी केबल घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

ज्यांना वेगळ्या अ‍ॅम्पशिवाय पर्यायच नाही असे हेडफोन कोणते?

स्टॅक्ससारखे इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन. त्यांच्या पातळ पडद्याला सुमारे ५८० व्होल्टचा स्थिर दाब आणि संकेतासाठीही शेकडो व्होल्ट लागतात, त्यामुळे ते फक्त त्यांच्यासाठी बनवलेल्या ऊर्जकावरच चालतात. सामान्य अ‍ॅम्पमध्ये त्यांची पिन बसतही नाही.

अ‍ॅम्प घेतला, पण आता गुणगुण ऐकू येते. बिघाड आहे का?

बहुधा नाही. आपली वीज ५० हर्ट्झची आहे आणि घरातले अर्थिंग सदोष असले, की तीच गुणगुण संकेतात शिरते. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तिसऱ्या पिनेचे भोक असते, पण त्यामागे अर्थची तार असतेच असे नाही. इलेक्ट्रिशियनकडून ते तपासून घ्यावे. अर्थची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये, त्यात जिवाला धोका आहे. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहावा. गुणगुण थांबली, तर लॅपटॉप आणि डॅक यांच्यामध्ये ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशाने संकेत नेणारी, जोडणी वापरावी. तिच्यातून वीज वाहत नसल्याने गुणगुणीची वाट तुटते. अतिसंवेदनशील इयरफोनवर सतत हलकी सळसळ येत असेल, तर ती जास्त गेनची (संकेत किती पट वाढवला जातो त्या प्रमाणाची) खूण आहे.

विकत घेण्याआधी किंवा परत करण्याच्या मुदतीत फरक नेमका कसा तपासावा?

एक बऱ्यापैकी मल्टिमीटर आणि घरातला एक सहकारी एवढे पुरते. मल्टिमीटरला एसीची दोन व्होल्टची किंवा तेवढीच लहान श्रेणी असावी; दोनशे व्होल्टपासून सुरू होणारा स्वस्त मीटर इथे निरुपयोगी आहे. ४०० हर्ट्झचा सलग स्वर वाजवावा, हेडफोन डोक्यावरून काढून पण जोडलेला ठेवावा, आणि दोन्ही उपकरणांवर व्होल्टेज सारखा आणावा. एक टक्क्याचा फरक म्हणजे जेमतेम ०.१ डेसिबल, तेवढा चालतो. मग सहकाऱ्याने नाणे उडवून कोणते उपकरण लावायचे ते ठरवावे आणि आपण न पाहता ओळखावे. दहापैकी सात उत्तरे बरोबर आली तर हुरळून जाऊ नये, कारण निव्वळ अंदाजानेही सात किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे १७ टक्के असते. नऊ बरोबर आली तर मात्र फरक खरा मानावा. तिथे योगायोगाची शक्यता एका टक्क्याच्या आसपास उरते.

साठ हजार रुपये आहेत. हेडफोन आणि अ‍ॅम्प यांत ते कसे वाटावेत?

बहुतेक सगळे हेडफोनला द्यावेत. आधी हेडफोन निवडावा, वरचा हिशेब करावा, आणि आहे ते उपकरण कमी पडते असे आकडे सांगत असतील तरच आठ ते बारा हजारांचा अ‍ॅम्प घ्यावा. ‘पुढे मोठा हेडफोन घेईन’ म्हणून आज पन्नास हजारांचा अ‍ॅम्प घेणे मला पटत नाही. पॅडचा नवा जोड मात्र दर दोन-तीन वर्षांनी घ्यावा.

अ‍ॅम्पवरचा गेनचा खटका कुठे ठेवावा?

सर्वांत खालच्या गेनवर सुरुवात करावी आणि व्हॉल्यूमचे बटण तीन चतुर्थांश फिरवूनही हवी ती पातळी मिळत नसेल तरच वर न्यावा. बटण अगदी सुरुवातीलाच असताना स्वस्त अ‍ॅम्पमध्ये डावी आणि उजवी बाजू सारखी राहत नाही आणि गायकाचा आवाज मधून एका कानाकडे सरकतो; गेन कमी केला की तो पुन्हा मध्यावर येतो. फोन किंवा लॅपटॉपचा स्वतःचा व्हॉल्यूम पूर्ण ठेवावा, आवाज अ‍ॅम्पवरूनच कमी-जास्त करावा, आणि हेडफोन कानाला लावण्याआधी अ‍ॅम्पचे बटण शून्यावर आहे याची खात्री करून घ्यावी.